भूत दिसणाऱ्या पोरीची ग्राफिक नॉव्हेल पहिल्यांदाच करताय? मग आधी हे वाचा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, की मला हॉरर मिस्ट्री टाइप ग्राफिक नॉव्हेल करायचीय, हिरोईनला भुतं दिसतात अशी, सुरुवात कुठून करू? आणि सोबत एक चित्र असतं. मोकळे केस, पांढरी साडी, डोळ्यांतून रक्त. चित्र बऱ्याचदा झकास असतं हो, पण गोष्ट नसते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच देईन.

मी स्वतः एकच केलीय. ४८ पानं, ब्लॅक अँड व्हाइट, ए-फाइव्ह साइज. दीड वर्ष लागलं आणि त्यातलं निम्मं वर्ष कामं चुकीच्या क्रमाने केली म्हणून वाया गेलं. आधी कव्हर काढलं, मग भूत, मग कपडे, आणि गुन्हा नेमका काय झाला हे ठरवायचं विसाव्या पानावर आल्यावर आठवलं. खाली जो क्रम दिलाय तो मार खाऊन शिकलेला आहे. उदाहरण माझ्याच गोष्टीचं घेणारे, शेवट फुटणार, इलाज नाही.

पहिलं काम: हिलाच का दिसतं?

बाकी कोणाला दिसत नाही आणि हिलाच दिसतं, त्याला कारण पाहिजे. अपघातातून वाचली आणि मग दिसायला लागलं, हे इतक्या वेळा झालंय की वाचक तिसऱ्या पानावरच जांभई देतो. आपल्याकडे घरबसल्या केवढी कारणं पडलीयत! पायाळू माणूस घ्या, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याला जमिनीखालचं पाणी दिसतं, पुरलेलं धन दिसतं असं गावोगाव मानतात, आणि विजा चमकायला लागल्या की आजी त्याला आधी घरात ओढते. नाहीतर पत्रिकेतला गण घ्या. राक्षसगणाच्या माणसाला भुतं दिसतात हे आमच्याकडे प्रत्येक लग्नाच्या बैठकीत कोणीतरी बोलतंच, आणि मुलीचा राक्षसगण निघाला की बैठकीतले चेहरे कसे होतात ते वेगळं सांगायला नको.

माझी वैजू पायाळू आहे. सोळा वर्षांची, अकरावीला, कुडाळजवळच्या एका गावात राहते. पायाळू असल्याने लहानपणापासून लोकांनी तिला विहिरी शोधायला शेताशेतातून फिरवलंय, आणि तिला त्याचा मनस्वी कंटाळा आहे. बघा, कारण आलं की स्वभाव आपोआप येतो, वेगळा बसून लिहावा लागत नाही. शिवाय गावाने तिच्या नजरेकडून आधीच काहीतरी अपेक्षा ठेवलीय, पण पाण्याची. मेलेली माणसं दिसतात हे ती कोणाला सांगणारच नाही.

एक सावधगिरी. जिवंत बाईला चेटकीण किंवा डाकीण दाखवून ती खरंच तशी निघते, असं कृपया करू नका. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय. ती गोष्ट नाही, बातमी आहे. गाव तिला डाकीण म्हणतं आणि ती तशी नाही, हे मात्र करू शकता. त्यात रहस्यही आहे.

दुसरं काम: भूत कोणतं?

'भूत' असं जनरल काही नसतं, निदान कोकणात तरी नाही. तिथे भुतांची वर्गवारी सरकारी खात्यापेक्षा कडक आहे. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा, पिंपळावर राहणार. बाळंतपणात गेलेली ती अलवंतीण किंवा हडळ, पावलं उलटी. पाण्यात बुडून गेला तो गिऱ्हा, नदी-ओढ्याच्या काठी. निपुत्रिक गेला, जीव पैशात अडकला तो समंध. चकवा तर दिसतच नाही, नुसता रस्ता चुकवतो, रात्रभर चालता आणि पहाटे त्याच आंब्याखाली येता. मग देवचार किंवा राखणदार, ज्याला भूत म्हटलं तर गावकरी चिडतील, कारण तो वेशीची राखण करतो आणि त्याचा नारळ-विडीचा मान ठरलेला आहे. वेताळाचं तर विचारूच नका. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, तिथे देवाला मोठाल्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात. झिजलेली चपल! मिस्ट्री लिहिणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे.

पण ही यादी डोळे मिटून उचलू नका. या भुतांत जात आहे, धर्म आहे, आणि बायकांची भुतं बहुतेक सगळी बाळंतपणात गेलेली आहेत. दोन-तीन पिढ्या मागे जाऊन विचार करा, घरोघरी बायका बाळंतपणात जायच्या आणि नंतर त्यांनाच घाबरायचं असा तो प्रकार. हडळ घ्यायची तर तिला नाव द्या, सासर द्या, बाळाचं काय झालं ते ठरवा. नाव मिळालं की ती भीतीदायक कमी होते असं वाटेल, पण उलट होतं.

मी साधा म्हातारा घेतला. आबा, वैजूचे चुलत आजोबा, रिटायर्ड शाळामास्तर, विहिरीत पडून गेले. नियमाने गिऱ्हा व्हायला पाहिजेत, पण मास्तर असल्याने ते वर्गात बसत नाहीत. गोष्टीत वैजूची आजी हेच म्हणते.

तिसरं काम: नियम. यात घाई करू नका

लेखातलं एवढंच वाचायचं असेल तर हे वाचा. रहस्यकथेत भूत म्हणजे साक्षीदार, आणि साक्षीदाराला सगळं माहीत असेल तर गोष्ट पहिल्या पानावर संपते. मेलेला माणूस समोर उभा आहे, हिरोईनने विचारलं "तुला कोणी मारलं?", त्याने नाव सांगितलं, झालं. म्हणून नवीन लोक काय करतात, तर भुताला मुकं करतात किंवा कोड्यात बोलायला लावतात. "जिथे सावली संपते तिथे उत्तर आहे" वगैरे. का? कोड्यात का बोलतंय ते? जिवंतपणी तर धड बोलायचं ना!

त्यापेक्षा भुताला धड बोलू द्या, पण त्याला माहीतच कमी असू द्या. मी तीन नियम केले आणि भिंतीवर चिकटवले.

एक, आठवण श्वासापर्यंत. जीव गेल्यावर काय झालं ते भुताला माहीत नाही.

दोन, रूप अग्नीपर्यंत. शरीर सरणावर जाताना जसं होतं तसं भूत दिसतं.

तीन, जी वस्तू जीव जाताना अंगावर नव्हती ती भुताकडे नाही. आबांचा चष्मा पडताना विहिरीत गेला, म्हणून आबांच्या भुताला धूसर दिसतं. माणसं ओळखता येत नाहीत. वैजूलाही ते आवाजावरूनच ओळखतात.

आता पहिल्या दोन नियमांमध्ये फट आहे ती बघा. जीव गेला आणि अग्नी दिला, यांच्या मधल्या काळात शरीराला जे झालं ते भुताच्या अंगावर दिसणार, पण त्याला स्वतःला ते कळणार नाही. माझं अख्खं रहस्य त्या फटीत बसलंय. आबांचा डावा अंगठा काळा आहे. ते सारखे धोतराला पुसतात, जात नाही, आणि वैजूला म्हणतात, "ह्या काय लागलाहा गो, माका समजणा नाय." त्यांना खरंच समजत नाही, कारण अंगठ्याला शाई लागली तेव्हा ते गेलेले होते. त्यांच्या प्रेताचा अंगठा कोणीतरी मृत्युपत्रावर उठवला.

नियम ठरले की मोडायचे नाहीत. सोय म्हणून तिसाव्या पानावर भूत अचानक भिंतीतून आरपार गेलं, आणि दहाव्या पानावर ते दार उघडायची वाट बघत होतं, तर वाचक पुस्तक मिटतो. नियम तीनच ठेवा, चार झाले की तुम्हीच विसराल.

चौथं काम: गुन्हा आधी लिहा, तोही तारीखवार

गोष्ट वैजूच्या बाजूने पुढे जाते पण लिहायची मात्र उलटीकडून. एका वहीत खरं काय झालं ते वेळेसकट लिहा, चित्र एकही काढू नका. माझ्या वहीतलं पान असं होतं: श्रावणातली रात्र, दहा वाजता आबा पंप बंद करायला गेले, शेवाळावर पाय घसरला, पडले. खून नाहीच. पहाटे चारला पुतण्याला दिसले, त्याने आणि शेजाऱ्याने वर काढलं. जीव गेलेला. पोलीस पाटलाला कळवायच्या आधी पुतण्याने कागद आणला. सकाळी आठला पंचनामा.

आता इथे थोडा अभ्यास करा, कारण रहस्यकथेचा वाचक कायद्यात पकडतो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. म्हणजे मला आपोआप दोन संशयित मिळाले. पाण्यात पडून मृत्यू म्हटल्यावर आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, पोस्टमॉर्टेम होतं, आणि त्या कागदावर अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असतात. पुतण्याने शाई रॉकेलने पुसली तरी 'डाव्या अंगठ्यावर काळसर डाग' अशी ओळ पंचनाम्यात राहिली. तो कागद चौदाव्या पानावर वैजूच्या काकीच्या हातात आहे, ती ओळ चित्रात वाचता येते, आणि आजवर एकाच वाचकाने ती पहिल्या वेळी वाचली.

हे असं का केलं? कारण भूत कोर्टात साक्षीला येत नाही. भुताने दिशा द्यायची, पुरावा माणसाने शोधायचा. वैजूला जे भुतामुळे कळतं त्यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुठल्यातरी जिवंत मार्गाने सिद्ध व्हायला पाहिजे, नाहीतर ती हुशार ठरत नाही, नुसती नशीबवान ठरते. आबा मास्तर होते, आयुष्यभर सही केली, पेन्शनच्या कागदावर सही आहे, मग मृत्युपत्रावर अंगठा का? आणि पाण्यात तासन्‌तास राहिलेल्या हाताची कातडी सुरकुतते, ती सुरकुती ठशातही येते. बास. यात भूत कुठेच नाही.

मांत्रिक आणायचा मोह होणार. आणा, पण २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आहे हे लक्षात ठेवून आणा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्या वर्षी २० ऑगस्टला खून झाला, त्यानंतर लगेच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, आणि दक्षता अधिकारी म्हणून पोलीस इन्स्पेक्टर नेमलेला असतो. आजच्या काळातली गोष्ट असेल आणि मांत्रिक उघड्यावर पोरीला झोडपतोय, गाव बघतंय, पोलीस कुठेच नाहीत, तर ती गोष्ट खोटी वाटते. उलट तो इन्स्पेक्टरच पात्र करा ना, भुतावर काडीचा विश्वास नसलेला. वैजूला त्याच्याशी बोलताना किती काय लपवावं लागेल!

पाचवं काम: पहिला प्रसंग

लवकर उरकते, कारण हा ज्याचा त्याने शोधायचा. मी दहाव्यापासून सुरू केलं. नदीकाठी पिंड ठेवलाय, कावळा शिवत नाही. एकेक नातेवाईक पुढे येऊन मोठ्याने बोलतोय, नातवाचं लग्न लावून देऊ, घराची वाटणी नीट करू, गाय विकणार नाही. कावळे फांदीवर बसून बघतायत. आणि वैजूला आबा दिसतायत, पिंडाकडे पाठ करून, विहिरीच्या दिशेने तोंड. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि सगळे जेवायला जातात. मेलेल्या माणसाला काहीतरी हवंय हे सांगायला मला एकही कॅप्शन लिहावी लागली नाही, मराठी वाचकाला ते आधीपासून ठाऊक आहे.

सहावं काम: बारकी पानं

आता पेन्सिल. पण लगेच मोठं पान नाही. एका ए-फोर कागदावर आठ बारकी पानं आखा आणि काडीमाणसं काढून अख्खं पुस्तक आधी असं बारकं काढून घ्या. एवढ्यात कळतं कुठे गोष्ट ताणलीय. पानाला पाच-सहा चौकटी पुरतात, ए-फाइव्हवर नऊ केल्या तर डोळ्यांना त्रास.

पान उलटण्याचा हिशोब इथेच करायचा. मराठी पुस्तकात विषम पान उजवीकडे, सम पान डावीकडे. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत वैजू कशाकडे तरी बघते, आणि ती काय बघते ते पान उलटल्यावर, डाव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात. हेच जर समोरासमोरच्या दोन पानांवर आलं तर वाचकाची नजर आधीच तिकडे गेलेली असते आणि दचकणं फुकट जातं. मला हे कळेपर्यंत मी पंचवीस पानं शाई करून बसले होते. मग एक फालतू पान मध्ये घालून सगळं सरकवलं, ते पान अजून पुस्तकात आहे, नुसता पाऊस पडतोय त्यात, आणि लोक येऊन सांगतात की ते पान फार आवडलं. घ्या!

फक्त मोबाइलवर वाचायला करणार असाल तर हा हिशोब नाही, तिथे खाली सरकवणं हेच पान उलटणं, म्हणून दोन चौकटींमध्ये लांबच लांब रिकामी काळी जागा सोडतात.

एकूण पानं चारच्या पटीत ठेवा. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकात एक कागद दुमडला की चार पानं होतात. ४८ म्हणजे ए-फोरचे बारा कागद, कव्हर वेगळं.

सातवं काम: कोणाच्या डोळ्याने?

स्क्रिप्ट लिहिताना प्रत्येक चौकटीपुढे एक शब्द लिहा, ही चौकट कोण बघतंय. भूत फक्त वैजूला दिसतं ना? मग आई बघतेय त्या चौकटीत आबा काढायचे नाहीत. पण त्यांची जागा रिकामी ठेवायची. ओसरीवर चार माणसं बसलीयत आणि झोपाळ्याच्या मधोमध कोणीच नाही, सगळे कडेला कडेला, ही चौकट आणि पुढची वैजूची चौकट, झोपाळ्यावर आबा. बोलायची गरज नाही. अख्ख्या पुस्तकात मला स्वतःला सगळ्यात आवडलेली जोडी हीच.

आणि भूत अर्धपारदर्शक करू नका. कम्प्युटरवर ओपॅसिटी पन्नास टक्के करणं एका क्लिकचं काम आहे आणि ते तसंच दिसतं. आबा मी नेहमीच्या माणसासारखेच काढले, फक्त त्यांना सावली नाही. कंदिलाच्या उजेडात सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर, यांची नाही. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काळा रंगच तुमची भीती, तो भरपूर वापरा, कोकणातल्या पावसाळी रात्रीत सगळं दिसतच नसतं.

सामान फार लागत नाही. जाड कार्ट्रिज पेपर, वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, एक बारीक ब्रश. ए-फोरवर काढून ए-फाइव्हला छोटं केलं की हात थरथरलेला लपतो. स्कॅन ६०० डीपीआयला, मोबाइलने फोटो काढून नाही, कडा वाकड्या येतात. डायरेक्ट कम्प्युटरवर काढणार असाल तर क्रिटा नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरून उरतं. पान ए-फाइव्ह म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर कापायला जास्तीचे, म्हणजे फाइल ६०० डीपीआयला साधारण ३६३८ बाय ५१०२ पिक्सेल. जुना लॅपटॉप कुरकुर करेल, करू दे.

आठवं काम: अक्षरं. इथे सगळे आपटतात

चित्र जीव ओतून काढायचं आणि संवाद कुठल्यातरी सरकारी नोटिशीच्या फॉन्टमध्ये टाकायचे, हे पाहून मला रडू येतं. पहिली गोष्ट, युनिकोड फॉन्टच घ्या. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कम्प्युटरवर उघडलं की कचरा होतो. बालू, मुक्ता, कलम हे फुकट आहेत आणि विकायच्या पुस्तकातही वापरता येतात, त्यातला कलम हाताने लिहिल्यासारखा आहे. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली, जोडाक्षरं फुटली, तर फॉन्टला शिव्या घालू नका, सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा.

दुसरं, ओळींमध्ये जागा सोडा. इंग्रजी कॉमिकमधली अक्षरं सगळी एका उंचीची कॅपिटल असतात, आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार असतो, त्यात वर रफार आला तर बघायलाच नको. संवादाचा बुडबुडा त्यामुळे मोठा होतो, म्हणून संवाद चित्राच्या आधी लिहून त्याची जागा बारक्या पानातच धरा. एका बुडबुड्यात वीस-पंचवीस शब्दांवर गेलात की समजा पात्र भाषण देतंय.

आता माझी आवडती आयडिया. जिवंत माणसांच्या अक्षरांना शिरोरेषा आहे, मेलेल्यांच्या अक्षरांना नाही. कुठेही समजावून सांगितलेलं नाही. आबा बोलतात तेव्हा अक्षरं नुसती लोंबकळत असतात, वरची दोरी तुटल्यासारखी. वाचकाला दहा-बारा पानांत सवय होते, आणि मग त्याच्या लक्षात येतं की पाचव्या पानापासून वैजूशी गप्पा मारणारी, बसस्टॉपवर बसलेली ती गजरेवाली म्हातारी, तिच्या अक्षरांनासुद्धा शिरोरेषा नाही. काहींना शेवटपर्यंत कळत नाही, त्यांना मी सांगत नाही.

पण याचा एक घोळ आहे, तो माझ्याकडून फुकट घ्या. शिरोरेषा काढली की भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक जवळजवळ जातो, कारण तो फरक बराचसा त्या रेषेतल्या फटीचाच आहे. माझ्या भाच्याने कच्चं पान वाचलं आणि हसून हसून लोळला, कारण आबा विचारत होते, "मी भूत झालंय काय गो?" आणि त्याने भ च्या जागी म वाचला. म्हणून अशी अक्षरं हाताने लिहा, भ आणि ध च्या सुरुवातीची गाठ चांगली ठसठशीत काढा, आणि एका बारा वर्षांच्या पोराला वाचायला द्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

आवाजांसाठी इंग्रजी बूम-क्रॅश कशाला? आपल्याकडे धाडकन, टपटप, रपरप, सळसळ, कर्रर्र, खळ्ळकन आहे, आणि पाल चुकचुकते. पाल चुकचुकली एवढं एका कोपऱ्यात बारीक लिहा, घरातली मोठी माणसं आपोआप थांबून वाचतील. बोली वापरायची तर बेताने. मालवणी मला बोलता येते तरी मी ती आबा आणि आजीलाच दिली, वैजू आईशी मालवणी आणि शाळेत पुस्तकी बोलते, खऱ्या पोरी बोलतात तसंच. जी बोली तुमची नाही ती तिथल्या माणसाला दाखवल्याशिवाय छापू नका.

नववं काम: शेवट आणि छपाई

शेवटासाठी एकच सांगते, गुन्हा उलगडला की भुताचं काम झालं असं धरू नका. मृत्युपत्र खोटं ठरलं, पुतण्या पकडला गेला, तरी आबा तिथेच. त्यांना इस्टेटीचं पडलेलंच नव्हतं. वैशाखात विहीर तळाला गेल्यावर वैजू उतरते आणि गाळातून चष्मा काढते. श्रावणात वर्षश्राद्धाला तो पिंडाशेजारी ठेवते. पुढची चौकट कावळ्याची.

आता छापणं. पहिल्यांदा डिजिटल प्रिंटिंगवर पन्नासेक प्रती काढा, ऑफसेटच्या हजार प्रती काढून पलंगाखाली ठेवू नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, हवा असेल तर भारतात तो सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. आणि कितीही घाई असली तरी एक प्रूफ प्रत हातात घेऊन, पंख्याखाली बसून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा.

मी वाचली म्हणून वाचले. छापणाऱ्या भल्या माणसाला वाटलं स्कॅन करताना डाग पडलेत, मुलीने मेहनतीने काढलंय, चांगलं दिसावं, म्हणून त्याने एका संध्याकाळी बसून सगळ्या पुस्तकातून आबांचा काळा अंगठा स्वच्छ पुसून दिला होता. पैसेही घेतले नव्हते त्याचे. तेव्हापासून फाइल देताना वर मोठ्या अक्षरात लिहिते: डाग मुद्दाम आहेत, पुसू नयेत.